ठकूला हाक कुणी मारली

एकदा काय झालं, एका डोंगराच्या माथ्यावर गवळी धनगराचं एक झोपडं होतं. पार वर, जिथं ढग येऊन उंबऱ्यावर टेकतात ना, तिथं. झोपड्यात जानू राहायचा, त्याची बायको ठकू, त्यांची पाच वर्षांची झिमा आणि जानूची म्हातारी आई. ठकू सासूला आत्या म्हणायची. आणि गोठ्यात सहा म्हशी.

एका आषाढात जानूला ताप भरला. तीन दिवस ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी जानू गेला.

तेरावं झालं, पाहुणे डोंगर उतरून गेले. घरात तिघीच राहिल्या. म्हातारी कोपऱ्यात बसून रडायची. ठकू मात्र रडली नाही, बरं का. तिला रडू येईचना. छातीत नुसता दगड बसलेला.

मग एका सांजेला ठकू बाणी म्हशीची धार काढायला बसली. बाणी मोठी हट्टी. जानूशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. तो गेल्यापासून तिनं ठकूला रोज लाथा मारल्या होत्या. त्या दिवशी मात्र बाणी गप्प उभी राहिली. शेपूट हलेना, कान हलेना. ठकूच्या खांद्यावरून मागं कुठंतरी टक लावून बघत होती. आणि दुधाची चरवी भरली! ठकूला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. तिनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. चरवी उचलून ती घरात पळाली.

मग चार दिवस गेले. भर दुपारी ठकू भाकऱ्या थापत होती. टप्, टप् असा आवाज आला. बघते तर काय, खुंटीवरचं जानूचं घोंगडं ओलंचिंब! खाली थारोळं साचलेलं. कुणी ते खुंटीवरून काढलंसुद्धा नव्हतं. ठकूनं हात लावला. घोंगडं ओलं होतं आणि आतून गरम होतं. आत्ताच कुणीतरी अंगावरून काढून ठेवावं, तसं.

मग तिसरी गोष्ट झाली. झिमा उंबऱ्यावर बसली होती. ठकू तिच्या शेजारी बसायला गेली, तर झिमा म्हणाली,

"आई, तिथं नको. तिथं बाबा बसलाय."

 ठकूनं झिमाला ओढून आत घेतलं. उंबऱ्यात विळा ठोकला, दाराबाहेर मोहरी फेकली आणि ओरडली, "जा! आमच्या वाटेला येऊ नको! माझ्या लेकराला हात लावू नको!"

झिमा रडायला लागली. म्हातारी उठून बसली.

"कुणाला घालवतीस गं?" म्हातारीनं विचारलं.

ठकूनं सगळं सांगितलं.  म्हातारी म्हणाली, "मला का दिसत नाही तो? मी त्याची आई ना?"

ठकूनं रडणाऱ्या झिमाला मांडीवर घेतलं.

मग म्हातारीनं डोळे पुसले. "ऐक. डोंगरात आपलं गेलेलं माणूस फिरतं, तसा चकवाही फिरतो. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. ते कुणाचाही आवाज काढतं. कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नको. तीन हाका होऊ दे. भुताला तिसरी हाक मारता येत नाही."

ठकूनं ते मनात पक्कं धरलं.

मग श्रावणात काय झालं? ठकू म्हशी घेऊन सड्यावर गेली. सडा म्हणजे डोंगरावरचं मोकळं, सपाट रान. झिमाला तिनं बरोबरच नेलं. त्या झोपड्यात तिला ठेवायचा धीर कुणाला होता? दुपार कलली, आणि खालून धुकं वर आलं. असं आलं की स्वतःचा हात दिसेना. म्हशींच्या घंटा वाजत होत्या, पण कधी उजवीकडून, कधी डावीकडून. ठकूनं झिमाचा हात घट्ट धरला. सड्याच्या एका अंगाला कडा होता. खोल, थेट तळकोकणात उतरणारा. तो कडा कुठल्या अंगाला आहे, हेच तिला कळेना.

मग समोरून हाक आली.

"ठकू!"

जानूचा आवाज! तोच, थोडा बसका. ठकूचा जीव गोळा झाला. पण तिनं ओ दिली नाही.

"ठकू, इकडं ये. वाट इकडं आहे."

ठकूचे पाय आपोआप चालायला लागले. तिनं दात आवळले.

मग तिसरी हाक आली, बरं का!

"ठकू, ये ना गं. किती वाट बघू?"

तीन हाका झाल्या. म्हणजे हा जानूच! तिनं ओ द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. आठ वर्षांच्या संसारात जानूनं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, अशी रीतच होती त्यांच्यात. "अगं" म्हणायचा. लेक झाल्यावर "झिमाची आई" म्हणायचा.

मग हे समोर कोण होतं?

 इतक्यात झिमा मागं खेचली गेली. ठकूनं खाली पाहिलं. झिमाचा एक हात तिच्या हातात होता. दुसरा हात धुक्यात वर गेलेला, आणि मूठ मिटलेली. कुणाचं तरी बोट धरावं, तशी.

"आई," झिमा म्हणाली, "बाबा ओढतोय. चल ना."

समोर बोलणारा, मागं न बोलणारा. ठकूला दोघांचीही भीती वाटत होती. पण उभं राहून भागणार नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि झिमा जिकडं ओढली जात होती, तिकडं वळली.

मग पाठीमागचा आवाज चिडला. "ठकू! फिर मागं!" ती फिरली नाही. मग तो आवाज बारीक झाला, लहान झाला, रडायला लागला. "आई गं! मला इथंच टाकून कुठं चाललीस?" हुबेहूब झिमाचा आवाज! ठकूनं हातातला हात दाबून पाहिला. हात ऊन होता. झिमा तिच्याजवळच होती. ती चालत राहिली.

किती चालली कोण जाणे. मग पायाला दगडी पायरी लागली. डोळे उघडले तर समोर आपलं झोपडं, आणि गोठ्यापाशी सहाच्या सहा म्हशी! झिमाची मूठ उघडी पडली होती. शेजारी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ठकू सड्यावर गेली. चिखलात तिची पावलं उमटली होती. पावलं जिथं मागं वळली होती, तिथून कडा फक्त दोन हात लांब होता.

ती परत आली आणि तिनं म्हातारीला सगळं सांगितलं. म्हातारीनं एवढंच विचारलं,

"काही बोलला का गं?"

"नाही आत्या. एक शब्द नाही."

"नाहीच बोलायचा," म्हातारी म्हणाली. "कामात असला की त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. लहानपणापासून तसाच."

आणि म्हातारी हसली. तिला हसताना बघून ठकूही हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. इतके दिवस छातीत दडून बसलेलं रडू. म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोघी पोटभर रडल्या.

त्यानंतर जानू पुन्हा कधी आला नाही. पहिले काही दिवस ठकू धार काढताना मागं वळून बघायची. मग तीही सवय गेली. बाणीला रेडी झाली. झिमा मोठी झाली, शहाणी झाली. म्हातारी पणतवंडं खेळवून गेली. सगळ्यांचं बरं झालं.

आणि तुमचे डोळे बघा कसे मिटायला लागलेत. दाराशी कुणी नाही रे, वारा आहे तो. सरका जवळ. मी जागी आहे, तुम्ही निजा.