डावीकडचा नवा मॉनिटर

माणसांच्या मोजणीने ही गोष्ट कालची, संगणकांच्या मोजणीने पुराणकाळातली. सुलभाबाई घरी संगणकावर छपाईसाठी लग्नपत्रिका तयार करून देत. जुन्या मॉनिटरवर मजकूर मावेना, म्हणून त्यांनी दुसरा, मोठा आणला आणि डावीकडे ठेवला.

"सरका आजोबा," नवा म्हणाला.

जुन्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "नवीन आलेला माझ्या उजवीकडे बसतो. इथली रीत आहे," असं म्हणून त्याने सेटिंगमध्ये नव्याला उजवीकडे मांडलं.

दुपारी छापखान्याचा माणूस येणार होता. बाईंनी पत्रिका नव्यावर न्यायला माऊस डावीकडे ओढला. बाण काठावर आपटला. पुन्हा ओढला, पुन्हा आपटला.

"मध्ये भिंत बांधलीत का रे?" बाण कळवळला.

"आजोबांना विचार!" नवा म्हणाला.

बाई वैतागल्या. "दोघंही द्यावेत भंगारात!"

तेव्हा कुठे जुन्याने मान वळवली. नवा खरंच डावीकडे होता. मग जुन्यानेच सेटिंगची खिडकी पुढे केली. बाईंनी त्यातला नव्याचा चौकोन डावीकडे सरकवला आणि बाण सुळकन पलीकडे गेला. पत्रिका दोघांवर ऐसपैस पसरली.

"आजोबा, आता मी सरकू का?"

"नको. आहेस तिथे बस."