सोनकड्याचे सतरा पुतणे

सोनकड्याच्या राजाला एका सकाळी सतरा पुतणे झाले!

म्हणजे त्याचं असं झालं. रणधवल महाराजांनी दवंडी पिटवली, "आम्ही आता थकलो. आमचे थोरले बंधू रागारागाने रानात निघून गेले, त्याला पंचवीस वर्षं झाली. गादी मुळात त्यांची. त्यांचा कुणी मुलगा असेल, तर त्याने यावं आणि ती घ्यावी!" महाराजांना वाटलं, आला तर एखादा येईल. आले सतरा! प्रत्येकाच्या खांद्यावर राजघराण्याची जन्मखूण, चंद्रकोर. कुणाची डाव्या, कुणाची उजव्या, आणि एकाची तर घामाने ओघळून कोपरापर्यंत आलेली. प्रत्येकाला तीस पिढ्या तोंडपाठ. एकाची दाढी खुद्द महाराजांपेक्षा पांढरी होती. विचारलं तर म्हणाला, "रानातली हवा बाधली, काका!"

यातला खरा कोण, हे सांगायचं काम हरबा भाटाचं. राजघराण्याची वंशावळ त्याच्याकडे असायची. पण थोरल्या महाराजांचं पान नेमकं वाळवीने फस्त केलेलं! रणधवल महाराज भडकले. आधीच हट्टी माणूस; एकदा तोंडातून शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

"हरबा, मध्यान्हीची नौबत वाजायच्या आत या दरबारातून आमच्या घराण्याचं खरं रक्त शोधून दे. नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

हरबाची साठी उलटलेली, गुडघे धरलेले, जाणार कुठे? त्याची मुलगी गोजरा खांबाआडून ऐकत होती. बापाचा पडलेला चेहरा पाहून तिला असा राग आला की विचारू नका. पान खाल्लं वाळवीने आणि शिक्षा आबांना! पदर खोचून ती पुढे झाली.

"महाराज, आबांच्या वतीने मी शोधते! पण राजकन्येला माझ्या मदतीला द्या. आणि मी सांगेपर्यंत आपण एक अक्षर बोलायचं नाही."

"कबूल! पण नौबत तुझ्यासाठी थांबणार नाही, पोरी."

गोजरा आत गेली आणि राजकन्या हेमकळेच्या कानात काहीतरी कुजबुजली. हेमकळा इतकी हसली की तिला उचकीच लागली. थोड्याच वेळात सनई सुरू झाली आणि हिरवा शालू नेसलेली हेमकळा हातात वरमाला घेऊन दरबारात आली.

"ऐका हो ऐका!" गोजरा ओरडली. "ही महाराजांची एकुलती एक मुलगी. जो गादीवर बसेल, त्याच्याच गळ्यात ही माळ पडणार, आणि तीही आत्ताच्या आत्ता! मुहूर्त टळत चाललाय. कोण तयार आहे?"

महाराजांनी तोंड उघडलं, दिलेला शब्द आठवला, आणि त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला.

"मी!" "आधी मी!" "मी थोरला!" एकच झुंबड उडाली. पांढऱ्या दाढीवाला तर सगळ्यांच्या पायांतून रांगत पुढे आला. बघता बघता सोळा माना माळेपुढे वाकल्या.

एक लठ्ठ पुतण्या मात्र हात जोडून मागेच उभा राहिला. गोजरा त्याच्याकडे वळली. हा खरा निघाला की काय?

"तुम्ही का मागे, राजे?"

"मला नाही जमायचं."

"का बरं?"

"बायको बाहेर उभी आहे माझी!"

"आणि ती नसती तर?"

"तर या सोळा जणांना तुडवून आलो असतो की!"

गोजराने टाळी वाजवली. "झालं! सतराच्या सतरा निकालात! आता सांगा, तुम्ही कुणाचे मुलगे?"

"थोरल्या महाराजांचे!"

"आणि ही कुणाची मुलगी?"

"धाकट्या महाराजांची!"

"मग ही तुमची कोण?"

एक जण बोटांवर नातं मोजू लागला आणि मधेच थिजला. पांढरी दाढी पुटपुटली, "चु... चुलत बहीण."

"तीस पिढ्या पाठ केल्यात, आणि बहीण समोर आली तर तिच्याशीच लग्नाला उभे राहिलात!" गोजरा म्हणाली. "हिचा खरा भाऊ असता, तर हे असलं लग्न मांडलं म्हणून आधी माझ्या अंगावर धावून आला असता!"

सतरा पुतणे वहाणा तिथेच टाकून पळाले. गोजराने 'आता बोला' अशी खूण केली, तेव्हा महाराजांनी तोंडातलं उपरणं काढलं.

"खोटे पकडलेस, शाबास! पण आम्ही खरं रक्त मागितलं होतं. तिकडे नौबतीवर टिपरू उचललंय बघ!"

हरबाने डोळे मिटले. गोजराने मात्र हेमकळेच्या हातातली माळ घेतली आणि तिच्याच गळ्यात घातली.

"हे काय समोर उभं आहे, महाराज!"

"ही? अगं, मुलगी आहे ती!"

"आपण रक्त मागितलंत, महाराज. मिशा हव्या होत्या, तर मघाशी चांगल्या सतरा होत्या की!"

धडाम! नौबत वाजली. महाराजांचे गाल थरथरले, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की मुकुट गडगडत पायरीवर आला. "हरलो, पोरी, हरलो!" मुकुट उचलून त्यांनी तो हेमकळेच्या डोक्यावर ठेवला. "हरबा, तू कुठेही जायचं नाहीस! आणि गोजरा, आमचा पट्टहत्ती तुला बक्षीस!"

"नको, महाराज! आमच्या अंगणात त्याची सोंडसुद्धा मावायची नाही. आणि त्याला खायला काय घालू?"

तेवढ्यात गादीवरून नव्या राणीने पहिला हुकूम सोडला, "त्याच्या चाऱ्यासाठी एक गाव इनाम द्या!"

आणि मध्यान्हीला राज्याबाहेर चालत जायचा होता तो हरबा भाट, लेकीला घट्ट धरून, हत्तीवर बसून घरी गेला.