बत्तिसावा लिफाफा

"किती वाजता म्हणालीस?"

"अकराला, सर. फार तर सव्वाअकरा."

"आणि आत्ता?"

"सात वाजून दहा मिनिटं. माणूस ठीक दिसतोय. कुणाला शंकासुद्धा येणार नाही... पण अकराला त्याचं ब्लडप्रेशर कोसळणार. रक्त सांगतंय."

मिरजेच्या एका जुन्या इस्पितळात, आयसीयूच्या दाराशी हे बोलणं चाललं होतं. डॉ. शर्वरी खांडेपारकरचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सात वर्षं ती एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागली होती. जंतुसंसर्ग रक्तात भिनला की कधीकधी शरीराची प्रतिकारशक्तीच राखणीच्या कुत्र्यासारखी पिसाळते आणि घरच्यांनाच चावत सुटते. ती पिसाळणार हे चार तास आधी सांगणारी खूण शर्वरीला पांढऱ्या पेशींत सापडली होती.

संशोधनाचा नियम कडक होता. भाकीत वेळेसकट कागदावर लिहायचं, लिफाफ्यात बंद करायचं, उपचार करणाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही आणि वाट बघायची.

एकतीस लिफाफे उघडून झाले होते. एकतीसच्या एकतीस बरोबर. खिशातला हा शेवटचा होता. आनंद पोटात मावेना, म्हणून आज तिने नियम धाब्यावर बसवून आपल्या गुरूंना सांगून टाकलं.

डॉ. नाडगौडा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सकाळचा राउंड अजून त्यांचाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

सात वर्षांची मेहनत, आणि नुसतं 'बरं'. शर्वरी मनातून चांगलीच खट्टू झाली. रोग्याचे गुडघे गार पडलेत का ते चाचपून धोका ओळखणाऱ्या म्हाताऱ्याला पेशींचं काय कळणार, असंही तिला वाटून गेलं. ती तरातरा प्रयोगशाळेत गेली.

साडेदहाला ती परत आली तेव्हा सर सात नंबरच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. खाटेवर तिच्या शेवटच्या लिफाफ्यातले बापू मगदूम, शाळेची बस चालवणारे. अपेंडिक्स फुटून आलेले. सरांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.

शर्वरी मॉनिटरवरचा ब्लडप्रेशरचा आकडा बघत उभी राहिली.

पावणेअकरा. एकशे अठरा.

अकराला दहा कमी. एकशे बारा.

उतरतंय. आता उतरणारच.

"शर्वरी," सर मॉनिटरकडे न बघता म्हणाले, "आत्ता तुला काय व्हायला हवंय?"

ती बोलायला गेली...

बापूंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आपल्याला काय हवंय ते तिला कळलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

अकरा वाजले. एकशे सोळा.

सव्वाअकरा. एकशे वीस.

"बाई," बापू खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आज शाळंची गाडी कुणी नेली वो?"

सलाईन बघणाऱ्या सिस्टर कांबळे हसल्या. "नेली कुणीतरी. तुम्ही पडून ऱ्हावा गप."

शर्वरीने लिफाफा काढला.

"चुकलं, सर... शेवटचंच चुकलं."

"सिस्टर, यांना चार्ट दाखवा."

तिने चार्ट वाचला. साडेसात: अँटिबायोटिक बदललं, सलाईन वाढवलं. आठ: सर्जनना बोलावलं. सव्वाआठ: पोटात साठलेला पू नळीने काढला.

"साडेसातला?" ती म्हणाली. "तेव्हा तर काहीच दिसत नव्हतं."

"नव्हतंच. गुडघेसुद्धा गरम होते."

"मग कशावरून?"

"तू सांगितलंस ना."

शर्वरी बघतच राहिली. "मला वाटलं, तुमचा माझ्या खुणेवर विश्वासच नाही."

"तुझ्यापेक्षा जास्त आहे."

"पण नियम मोडला, सर."

"तो तू मोडलास. मी नुसतं ऐकलं."

तिला हसूही आलं आणि रडूही. ती खाली बसली, मांडीवर भाकितांचा तक्ता घेतला. एकतीस ओळी, एकतीस नावं. त्यातली नऊ माणसं आता नव्हती. त्या प्रत्येकाच्या वेळी तिने घड्याळ बघितलं होतं.

तिने त्या नऊ नावांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"सर... शेवटी लिहू काय? एकतीस बरोबर, एक चूक?"

नाडगौडा सर बेसिनपाशी हात धूत होते. त्यांनी एकेक बोट सावकाश पुसलं.

"आकडे तेच ठेव," ते म्हणाले. "शब्दांची तेवढी अदलाबदल कर."