हात न लावायचा माल

हमरस्त्याकडेच्या एका गावात म्हादू नावाचा एक भोळा गडी होता. फडतरे अण्णांच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात तो कामाला होता. त्याला इंदूशी लग्न करायचं होतं. इंदूलाही तो आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. तिच्या वडिलांची, खिलारे तात्यांची, अट एकच होती. पोरगा कामाचा आहे, असं अण्णांनी सांगावं.

अण्णा म्हणाले, "आधी कामाचा हो. मग सांगतो."

दुकानात देवयानीबाई यायच्या. शहरात त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि तो जुना दिसावा म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या. स्वतःच्या सासूचं शिसवी कपाट त्यांनी भंगारात दिलं होतं. आता त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी सासूचं हवं होतं.

तसं कपाट दुकानात होतं. बाई यायच्या आधी म्हादूने ते काथ्याने आणि राखेने घासून लख्ख केलं.

"हे तर काल बनवलेलं दिसतंय," म्हणून बाई निघून गेल्या.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, जुन्यावरची धूळ पुसायची नसते! धुळीलाच भाव असतो. ध्यानात ठेव."

"ठेवलं, अण्णा."

पुढच्या खेपेला म्हादूने बाईंना चहा दिला. कप फळीवरचा, जुना. चहावर जळमटं तरंगत होती.

"पुसला नाही," म्हादू अभिमानाने म्हणाला. "भाव उतरला असता."

"बैला!" अण्णा ओरडले. "तोंडाला लागणारी वस्तू उकळत्या पाण्यातून काढायची! ध्यानात ठेव."

"ठेवलं, अण्णा."

मग बाईंनी लाखेच्या रंगाचा एक पाळणा पसंत केला. कुत्र्यासाठी. जेवायला जाता जाता म्हणाल्या, "आमचं पिल्लू सारखं कठडा तोंडात घेतं हो!"

बाई जेवून येईपर्यंत म्हादूने शेजारच्या गुऱ्हाळातल्या काहिलीत पाणी उकळलं आणि पाळणा त्यात सोडला. रंग उतरला. सांधे सुटले. बाई आल्या तेव्हा तो झाऱ्याने दांड्या काढत होता.

अण्णा रडायचे बाकी होते. "लेका, जुन्याला तू काहीच करू नकोस! मोडलं तरी हात लावू नकोस. गिऱ्हाईक आलं की वय सांग, कौतुक कर, बस्स. उद्या तात्या तुला बघायला येतायत. चुकलास तर इंदूला विसर."

"ध्यानात ठेवलं, अण्णा."

दुसऱ्या दिवशी तात्या इंदूला घेऊन आले. अण्णा म्हणाले, "पोरगा सांगितलेलं सोडत नाही." हे अगदी खरं होतं. तात्या खूश झाले. अण्णा चहा सांगायला गेले आणि तात्या जुन्या खुर्चीत ऐसपैस रेलले. काडकन पाय मोडला. खुर्चीचा. तात्या खाली.

"अगं आई गं! उचल रे मला!"

इंदू धावली. म्हादू आडवा आला. "हात लावायचा नाही! जुने आहेत ते."

"मेल्या, बाप आहे माझा! लग्न करायचंय ना तुला? मग कर काहीतरी!"

तेवढ्यात देवयानीबाई आत आल्या. "आज आहे का काही अस्सल?"

"हे बघा ना," म्हादू म्हणाला. "शंभराच्या पुढचं. एकाच घरात राहिलेलं. धूळसुद्धा मूळची."

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. तात्या विव्हळले.

"आणि बाई, एकटा नग नको असेल तर जोडी मिळेल. दुसरा यांच्या घरी चुलीशेजारी आहे. धुराने काळवंडलाय, पण त्याला तर जास्त भाव!"