वखारीला पाडलेले दार

मंडळी, घर पडायला आले आहे की नाही, हे कुणाला विचारावे? विटा विकणाऱ्याला? हसू नका, एका अख्ख्या शहराने त्यालाच विचारले होते.

एकदा एका शहरात बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधोमध कापसाची एक दगडी वखार रिकामी उभी होती. प्रवासी सामानासकट तिला वळसा घालून गाडी गाठत. घरचाच विटांचा धंदा असलेल्या नगराध्यक्षांनी ठरवले, वखार पाडून तिथे काचेचे भव्य प्रवासी केंद्र बांधायचे. खर्चासाठी भाजीवाल्या, हातगाडीवाल्यांवर कर बसवायचा. उरला होता फक्त 'इमारत धोकादायक आहे' हा दाखला. तो देणारा अभियंता एका वृद्ध व्यापाऱ्याचा शिष्य होता. तो हवालदिल होऊन गुरूकडे आला.

"बाबा, उद्या मांडवातच दाखल्यावर सही करायचीय. केली तर खोटं, नाही केली तर नोकरी जाते. आणि पहिली कुदळ मारायचा मान नगराध्यक्षांनी तुम्हालाच दिलाय."

"मग जाऊ की. मान कुणी सोडतं होय?"

दुसऱ्या दिवशी मांडव, सनई, गर्दी. वृद्धाने नारळ फोडला, कुदळ उचलली आणि बसस्थानकाकडचा सजवलेला दर्शनी भाग सोडून तो थेट आत, स्टेशनाकडच्या भिंतीशी गेला. त्या भिंतीला दार नव्हते. त्याने घाव घातला. ठणकन कुदळ उसळली. टवकासुद्धा उडाला नाही.

"शेटजी, मुहूर्त इकडे आहे!" नगराध्यक्ष ओरडले.

"या साहेब, एक घाव तुम्हीही घाला. जपून हं, धोकादायक भिंत आहे, अंगावर यायची!"

लोक हसले. नगराध्यक्षांनी त्वेषाने कुदळ हाणली, तर दांडाच मोडला. मग वृद्धाने बाजारातल्या हमालांना हाक दिली. पहारी घेऊन ते दुपारपर्यंत घाम गाळत राहिले, तेव्हा कुठे दाराएवढी वाट झाली. पलीकडे फलाट! डोक्यावर बोचके घेतलेली एक म्हातारी कुणालाही न विचारता त्यातून सरळ गाडीकडे निघाली. मागोमाग भाजीवाल्या, मग सगळेच.

"सरकारी इमारतीला भगदाड पाडलंत! गुन्हा आहे हा!" नगराध्यक्ष कडाडले.

"तुम्ही तर सगळीच पाडणार होता, साहेब. मी एक दार पाडलं. घाला मला तुरुंगात."

मग तो शिष्याकडे वळला. "पोरा, नवा माल भरण्याआधी दुकानदार आपलं कोठार उघडून पाहतो. घरातला तांदूळ किडलाय असं सांगत येतो तो बहुधा तांदूळच विकायला आलेला असतो. इथे छप्पर आहे, सावली आहे, भिंत तर तू पाहिलीसच. नव्हतं ते दार. एका दारासाठी गरिबांच्या गाड्यांवर कर बसवायचा?"

शिष्याने दाखला मागून घेतला. सर्वांसमक्ष त्यावर लिहिले, 'इमारत मजबूत आहे, पाडू नये', आणि सही केली. नगराध्यक्षांचा चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "बाबा, नोकरी गेली बहुतेक."

"माझ्या पेढीवर ये. पगार कमी देईन हं."

"चालेल," शिष्य म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी मोकळे हसला.

तर मंडळी, एवढी विनंती आहे. घरचा असो वा गावचा, हिशेब खरा ठेवा: उभे आहे ते जमेला धरा, आणि पाडले जाईल ते पाडणाऱ्याच्या नावे लिहा.