कुसळपरी आणि हावरी शेबा

ऐका हं. ज्या डोंगराची ही गोष्ट आहे, तो पावसाळ्यात हिरवा मखमली असतो आणि दिवाळीच्या सुमाराला पिवळाधमक होतो. कमरेएवढं गवत वाऱ्यावर झुलतं, त्यावर चिमुकली निळी फुलपाखरं बागडतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय श्रीमंत डोंगर! पण त्या डोंगराच्या पायथ्याशी, उसाच्या पाचटाच्या छपराखाली राहणाऱ्या भिंगारदिव्यांच्या घरात त्या साली श्रीमंतीचं नावही नव्हतं.

घरात माणसं तीन. पप्पा याकोब, आई रूथ आणि त्यांची मुलगी तबिथा. तिला सगळे तबी म्हणत. शिवाय एक शेळी होती, शेबा. नाव बायबलातल्या राणीचं, पण खाणं मात्र भस्म्या झाल्यासारखं. आईच्या पदराचं टोक, पप्पांच्या चपलेचा अंगठा, खिडकीतला साबण, शेबाला काहीही चालायचं. एकदा तर तिने गीतपुस्तकाची पानं खाल्ली, आणि तीही नेमकी नाताळच्या गाण्यांची.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यातूनच निघून गेला. बाजरीची कणसं तबीच्या करंगळीएवढीच राहिली. त्यात शेबासाठी पाला तोडताना पप्पा कडुलिंबाच्या झाडावरून पडले. पाय मोडला. मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर घालून ते खाटेवर पडून होते.

त्यामुळे एक काम राहून गेलं. दरसाल गवत वाळलं की पप्पा घराभोवतीचं गवत विळ्याने मुळापर्यंत कापून एक रुंद, उघडा पट्टा काढत. डोंगराला वणवा लागला, तर आग त्या पट्ट्यापाशी येऊन थांबायची, कारण पुढे खायला तिला काहीच नसायचं. आई मजुरीला जायची. तबीच्या हाताला विळा पेलत नव्हता. गवत थेट ओट्याला येऊन टेकलं होतं.

आणि अशात जवळ आला हंगामाचा सण. गावातल्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रत्येक घर शेतातलं पहिलं, चांगलं पीक घेऊन येतं. कुणी मक्याचं पोतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. ते सगळं वेदीपुढे मांडून देवाची उपकारस्तुती करायची, म्हणजे आभार मानायचे, अशी तिथली रीत. आईने करंगळीएवढ्या कणसांतली त्यातल्या त्यात बरी निवडली, लाल दोऱ्याने त्यांची पेंढी बांधली आणि दारावर टांगली.

"ही न्यायची?" तबी चिडून म्हणाली. "सगळ्या बाया हसतील. आणि आभार कशाचे गं मानायचे? पाऊस दिला नाही त्याचे? का पप्पांचा पाय मोडला त्याचे?"

"पिकाच्या मापानं मानायचे असतात होय आभार?" आई म्हणाली.

खाटेवरून पप्पा हसले. "तबे, रडत कुणीबी बसतं. सगळं बिघडलेलं असताना आभार मानायला लई दम लागतो."

आणि मग त्यांनी गाणं सुरू केलं. पप्पांचा आवाज मोठा होता, पण सुराशी त्याचं कधी पटलंच नव्हतं. चर्चमध्ये ते गायला लागले की पुढच्या बाकावरची मुलं वळून वळून बघत, आणि तबी बाकाखाली जाऊन बसावं की काय असा विचार करत असे. आताही तिने कानांत बोटं घातली आणि ती तरातरा बाहेर गवतात निघून गेली.

परत आली तेव्हा तिच्या परकराला कुसळंच कुसळं चिकटली होती. कुसळ म्हणजे वाळल्या गवताचं टोकदार, शेपटीवालं बी. चालणाऱ्याच्या कपड्यांत घुसतं आणि टोचत राहतं. तबी चुलीपुढे बसून एकेक कुसळ उपटून विस्तवात टाकू लागली. एक कुसळ मात्र बोटांत लुकलुकलं. सोनेरी, पिटुकलं, जरासं थरथरणारं. ते टाकायचं तिच्या जिवावर आलं. "तू जा बाई," असं म्हणत तिने ते ओट्याच्या कडेला अलगद ठेवलं.

कुसळाने शेपटीची गिरकी घेतली, आणि समोर उभी राहिली बोटभर उंचीची एक परी! तिचा झगा पिकल्या गवताच्या रंगाचा होता. पंख नाकतोड्याच्या पंखांसारखे पारदर्शक होते, आणि त्यांवर उन्हाचे तांबूस, केशरी, हिरवट थेंब चमचमत होते. फक्त चेहरा तेवढा रागीट होता.

"माझ्या किती बहिणी जाळल्यास?" ती म्हणाली.

"मला ठाऊक नव्हतं गं," तबीचा चेहरा पडला. "तुम्ही टोचता ना, म्हणून."

"टोचतो म्हणून तर टिकतो," परी म्हणाली. मग ती जराशी निवळली. "मी कुसळपरी. मला सोडलंस, म्हणून तुला तीन इच्छा देते. पण अटी ऐक आधी. मी नवं काही घडवू शकत नाही. जे तुझ्याजवळ आहे, तेच मोठं करू शकते. आणि तेसुद्धा आधी त्याचे आभार मानलेस तर. आभार खरे हवेत. खोटे असले तर त्या वस्तूची राख होईल. आणि नुसतं मिरवायला काही मागायचं नाही."

तबीने शेवटचं ऐकलंच नाही. ती केव्हाच दारावरच्या पेंढीकडे धावली होती. एक कणीस ओढून काढत ती घाईघाईने म्हणाली, "देवा, या बाजरीसाठी आभार. आता हे कणीस हातभर लांब होऊ दे, म्हणजे बाया बघतच राहतील!"

फुस्स! तिच्या हातात चिमूटभर राख उरली.

तबीचे डोळे भरून आले. पण ती रडली नाही, पाय आपटून उभी राहिली. "मग काय करू? मला नाहीच वाटत आभार! मला राग आलाय. पावसाचा, लिंबाच्या झाडाचा, सगळ्याचा!"

"हे मात्र खरं बोललीस," कुसळपरी म्हणाली. "खोट्या आभारांपेक्षा खरा राग बरा. दोन इच्छा उरल्यात. सांभाळ." आणि ती तिच्या परकराच्या काठात शिरून बसली. तबीने ती राख एका रिकाम्या काडेपेटीत भरली आणि कुणाला न सांगता खिशात ठेवली.

सणाच्या आदल्या दुपारी आई चर्च सजवायला गावात गेली. गाव टेकाडाच्या पलीकडे होतं. घरी पप्पा, तबी आणि शेबा. ऊन चटचटत होतं. तेवढ्यात परकराच्या काठातून जोरात टोचलं.

"तबी! वर बघ!"

डोंगराच्या माथ्यावर धुराचा काळा पडदा उभा राहिला होता, आणि त्याच्या खाली लाल, नारिंगी, पिवळ्या जिभा लपलप करत उतारावरून खाली येत होत्या. गवत कुणी मुद्दाम पेटवलं की विडी टाकली, ते आजवर कळलेलं नाही. वारा घराच्या दिशेने होता.

पप्पांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. पट्टा काढलेला नव्हता. गवत ओट्याला लागलेलं. वर पाचटाचं छप्पर.

"तबे, शेबाला घे आन् गावाकडं पळ!"

तबीने खाटेचा पाय धरून खाट ओढली. खाट उंबऱ्यापर्यंत आली आणि अडकली. पप्पांनी उठायचा प्रयत्न केला आणि वेदनेने परत आडवे झाले.

"पळ म्हणतो ना!" पप्पा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले होते.

"न्हाई पळणार!" तबी त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "तुम्हाला सोडून मी कुठंबी जाणार न्हाई. आग आली तर येऊ द्या!"

मला विचाराल तर, त्या घटकेला तबीएवढं हट्टी लेकरू त्या डोंगराने बघितलं नसेल. ती ओट्यावर उभी राहिली आणि मनाशी शोधू लागली. आपल्याजवळ आहे काय? विळा पेलत नाही. माठात तळाला पाणी. आणि ही शेबा. एवढा धूर दिसत असून ती बया तबीच्या परकराची नाडी चघळत होती!

तबीला हसू आलं आणि रडूही आलं. तिला आठवलं, पप्पांना पाय मोडल्यावर ताप भरला होता, तेव्हा त्यांच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. शेबाचं कोमट दूध तेवढं ठरलं होतं. चपला खाऊन, साबण खाऊन, पालापाचोळा खाऊन का होईना, तिने रोज दूध दिलं होतं.

"देवा," तबी म्हणाली, "या शेबासाठी आभार. अगदी खरे. तिच्या दुधासाठी आणि तिच्या या मेल्या भुकेसाठीसुद्धा! कुसळपरी, तिची भूक मोठी कर!"

परी काठातून बाहेर आली. "गवत माझं आहे, तबी. माझं घर आहे ते."

"ते जळणारच आहे ना?"

परीने आगीकडे बघितलं, मग नाक उडवलं. "जळण्यापेक्षा शेळीने खाल्लेलं बरं. कुणाचं पोट तरी भरेल. खा म्हणावं!"

शेबाच्या शिंगांभोवती सोनेरी चमचम फिरली. तिने एक ढेकर दिला आणि गवतात तोंड घातलं. आणि मग काय विचारता! करकर, चरचर, मचमच! कात्री चालावी तशी शेबा चालली. ओट्यापासून सुरुवात करून ती घराला फेऱ्या मारू लागली. ती पुढे जाई आणि मागे उघडी, तांबडी माती दिसे. जाता जाता तिने दारावरची बाजरीची पेंढीही लाल दोऱ्यासकट गट्ट केली. पप्पा थक्क होऊन बघत राहिले. त्यांनी दरसाल काढलेल्या पट्ट्यापेक्षा हा पट्टा रुंद होता!

वणवा गरजत आला आणि तांबड्या मातीपाशी थबकला. त्याला पुढे खायला काही मिळेना. त्याने मान वर करून ठिणग्या उडवल्या. लाल लाल किडे उडावेत तशा त्या पाचटाच्या छपरावर येऊन पडू लागल्या. तबीने माठातलं पाणी गोणपाटावर ओतलं आणि शिडीवरून चढून ती ठिणग्या बडवू लागली. एक विझवली की दुसऱ्या दोन पडत. एकटीचं काम नव्हतंच ते.

"पप्पा, हाक मारा गावाला!"

"टेकाडापलीकडं कशी जाईल हाक, पोरी? आन् चर्चात ढोलकी चालली असंल."

तबीच्या हातातलं गोणपाट थांबलं. पप्पांचा आवाज! याच आवाजाची तिला लाज वाटायची. याच आवाजाने तिला लहानपणी झोपवलं होतं, आणि पाय मोडलेला असतानाही हाच आवाज रोज सकाळी न चुकता गायचा. तो बंद पडला तर? 

"देवा, पप्पांच्या आवाजासाठी आभार!" ती छपरावरून आगीच्या तोंडावर ओरडली. "ऐकतेस ना गं आगी? आभार! तू काय हवं ते जाळ, हे तुला मिळणार नाही! कुसळपरी, हा आवाज मोठा कर, आणि बेसूर आहे तसाच राहू दे! पप्पा, गा!"

पप्पा गायले. बाई गं, काय तो आवाज! लिंबावरचे कावळे उडाले. डोंगर दणाणला. तो आवाज टेकाड चढून पलीकडे उतरला आणि चर्चमध्ये ढोलकीवर पडणारा हात जागीच थांबला.

"हे तर आमचे हे!" आई रूथ दचकून म्हणाली. "इतका बेसूर दुसरा कोण गातो?" ती पळत सुटली. तिच्यामागे चर्चचे पाळकसाहेब, सजावट करणाऱ्या बाया, आणि चर्चला न जाणारं बाकीचं गावही पळालं. हातात निरगुडीचे हिरवे फाटे, ओली पोती, घागरी. माणसांनी घराला कडं केलं. ठिणगी पडली की चार फाटे तिच्यावर पडत. ऊन कलेपर्यंत वणव्याचा दम संपला. डोंगर काळा झाला होता. घर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पप्पांना खाटेसकट उचलून चर्चमध्ये नेलं. वेदीपुढे भोपळे, मका, ऊस, झेंडू यांची रास लागली होती. भिंगारदिव्यांची पाळी आली आणि तबी रिकामं सूप घेऊन पुढे गेली. बाया बघत होत्या. तिने मान खाली घातली नाही.

"आमचं पीक शेबानं खाल्लं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "राहिलं ते एवढंच." तिने खिशातून काडेपेटी काढली आणि चिमूटभर राख सुपात ओतली. "हे एक बारकं कणीस होतं. मी त्याचे खोटे आभार मानले होते. ते करंगळीएवढंच होतं, पण पाऊस नसताना उगवलं होतं. किती हट्टी होतं ते! देवा, त्याचे आभार."

"आणि इच्छा?" तिच्या परकराच्या काठातून कुजबुज आली.

"तीन संपल्या ना. आणि आता मला काहीच मागायचं नाही."

"म्हणूनच," कुसळपरी हसली. तिचं ते पहिलंच हसू.

ती सुपात उतरली आणि राखेवर गिरकी घेऊ लागली. सोनेरी, केशरी, मोतिया उजेड फिरत फिरत वर चढला, वेदीवर पसरला, खिडक्यांतून बाहेर सांडला आणि काळ्या डोंगरावर ठिपक्याठिपक्यांनी विखुरला. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. सुपात हातभर लांब, टपोऱ्या दाण्यांनी गच्च भरलेलं बाजरीचं कणीस होतं.

ते कणीस कुणी खाल्लं नाही. त्याचे दाणे गावातल्या प्रत्येक घराने थोडे थोडे वाटून घेतले आणि पुढच्या हंगामाला पेरले. डोंगरावर मुळं शाबूत होती, त्यामुळे गवतही परत उगवलं, आणि कुसळंही तशीच टोचू लागली. तबी ती आता चुलीत टाकत नाही. ओट्यावरून गवतात सोडून देते.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी चर्चमध्ये सगळे वाकून सुपाकडे बघू लागले. मग खाटेवरून पप्पांनी गाणं सुरू केलं, पूर्वीसारखंच बेसूर. पुढच्या बाकावरची मुलं वळून बघू लागली. तबीने त्यांच्याकडे डोळे वटारले आणि पप्पांपेक्षाही मोठ्याने गायला सुरुवात केली.