माशांचा घास

पूर्वी चंपानगरीवर अरिंदम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व ओढ्याकाठच्या एका पाणचक्कीवाल्याच्या घरी धाकटा मुलगा म्हणून जन्मला. त्याचे नाव सुजात. आजोबांनी खडक फोडून पाट आणला, वडिलांनी त्यावर चक्की बसवली, आणि आता नंदिय आणि सुजात हे दोघे भाऊ ती चालवत. या घरच्या पिठात दोन पिढ्यांत खडा निघाला नाही, अशी ख्याती होती. त्यामागे एक रिवाज होता. छिन्नीने दगडाला टाकी लावली की पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते. ते दळण माणसाला न देता डोहातल्या माशांना घालायचे. मासे पीठ खात, कच तळाशी बसे.

राजाच्या भोजनासाठी पाच चक्क्यांतून पीठ मागवले होते. त्यासाठी भावांनी दगडाला टाकी लावून पहिल्या दळणाचे पोते माशांसाठी वेगळे ठेवले. गेल्या वर्षी याच भोजनात राजाचा दात मोडला, आणि सोमक नावाच्या चक्कीवाल्यावर आळ येऊन त्याची चक्की फोडली गेली. त्यामुळे थोरला नंदिय सकाळपासून धास्तावलेला होता. पोते गाडीतून गेल्यावरही त्याचा जीव भांड्यात पडेना.

इतक्यात डोहावरून म्हातारे वडील खुशीत आले. त्यांना अलीकडे नीट दिसत नसे. "आज मासे काय तुटून पडले होते रे! एक कण ठेवला नाही."

 नंदिय धावत डोहावर गेला. तळ स्वच्छ होता, कचीचा मागमूस नव्हता. बाबांनी चांगले पीठ माशांना घातले होते, आणि कचीचे पोते राजाकडे गेले होते.

"गप राहा," तो मागून आलेल्या सुजातला म्हणाला. "पाच चक्क्यांचं पीठ तिथं एक होतं. आपलं कोण ओळखणार?"

"कुणी नाही. म्हणूनच दुसऱ्या कुणाची तरी चक्की फुटेल, दादा."

सुजात वाटेला लागला. नंदिय जीव मुठीत धरून मागे गेला. राजवाड्यात कणीक मळायला घेतली होती. सुजातने राजापुढे हात जोडले. "महाराज, त्या पिठात आमच्या चक्कीची कच आहे. चूक आमची."

राजाने कणीक मळणे थांबवले. "तू बोलला नसतास तर कुणाला कळलं असतं?"

"ज्याची चक्की फुटली असती त्याला, महाराज."

राजाचा हात नकळत गालावर गेला. "मग गेल्या वर्षी मी कुणाची फोडली?"

  वर्षभर झोपेतही जे ओठांवर येऊ दिले नव्हते, ते आता नंदियला आवरेना. "महाराज, गेल्या वर्षीही डोहाचा तळ असाच स्वच्छ होता. मी पाहिला होता. आणि गप्प बसलो." एवढे बोलून तो रडू लागला.

राजाने शिक्षा सांगण्याआधीच सुजात म्हणाला, "आमचे दगड सोमकच्या घरी पोचवतो, महाराज." राजाने मान डोलावली. वरचा दगड गाडीत चढवताना सर्वांत आधी नंदियने खांदा दिला, आणि वर्षभरानंतर त्या रात्री त्याला झोप लागली.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, काल स्वतःच्या हातून फुटलेला घडा सोबत्याच्या माथी मारून जो रात्रभर तळमळला, तो हा भिक्षू म्हणजे त्या वेळचा नंदिय. राजा म्हणजे भिक्षू आनंद. सोमक म्हणजे काल मुकाट्याने बोलणी खाणारा तो सोबती. आणि सुजात म्हणजे मीच." हे ऐकून तो भिक्षू उठला आणि सोबत्याच्या पाया पडला. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, ती हीच.